डाकबंगल्याचा पाहुणा

साताऱ्याच्या भवानी पेठेत, चहाच्या एका दुकानावरच्या खोलीत सर्जेराव डुबल बसत. बसत म्हणजे खरंच नुसते बसत. रस्त्यावरून दिसेल अशी मोठ्या अक्षरांची पाटी खिडकीखाली ठोकलेली होती : ‘स. रा. डुबल, खाजगी तपास’. पाटी रंगवली तेव्हा त्यांना उमेद होती. आता पाटीचा रंगही उडाला होता आणि उमेदही.

एकोणीसशे सेहेचाळीसचा चैत्र होता. लढाई संपली म्हणतात, पण रॉकेल रेशनवरच आणि साखरही रेशनवरच. माणसं थकून गेली होती. डुबल तर लढाईच्या आधीपासून थकलेले. निम्मं आयुष्य पोलीस खात्यात गेलं, आणि तिथून बाहेर पडताना त्यांनी दमा तेवढा सोबत आणला.

जोडीला बापू तासगावकर. सांगलीकडच्या एका वकिलाचा हा कारकून. वकील वारले, आणि बापू इथं येऊन चिकटला. डोकं चालवण्यापेक्षा हातपंखा चालवण्यात त्याला जास्त गती.

“खाली एक बाई तुम्हालाच शोधतेय,” बापू खिडकीतून म्हणाला. “चहावाल्याला विचारून झालं, पानवाल्याला झालं, आता त्या तांबटाला विचारतेय. अहो, डोक्यावर एवढी पाटी आहे! खेड्यातली माणसं मान वर करतील तर शपथ.”

डुबलांनी नुसतं ‘हं’ केलं.

बाई वर आली. पंचविशीची असेल. खुर्ची दाखवली तरी भिंतीला टेकून खालीच बसली. नाव राहीबाई. उंब्रजच्या अलीकडं नदीकाठी भैरवाची वाडी आहे, तिथली. नवरा नाथाजी पलटणीत होता. बर्माच्या जंगलात बॉम्ब फुटला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. त्याच्या डोळ्यांचं औषध आणते असं घरी सांगून ती साताऱ्याला आली होती.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. वाडीच्या भैरोबाचा चांदीचा मुखवटा भावकीत पाळीपाळीनं घरोघर राहतो. यंदा पाळी राहीबाईच्या थोरल्या दिराची, केरबाची. यात्रा तोंडावर आलेली, आणि चार दिवसांमागं सांजवेळी मुखवटा चोरीला गेला. त्या वेळी घरातली झाडून सगळी माणसं पुढच्या अंगणात होती. रोज सांजेला राहीबाई नवऱ्याला भुताखेतांच्या गोष्टी वाचून दाखवते, आणि शेजारपाजारही ऐकायला जमतो. परसदारी तेवढा सिद्धू धनगर दिसला होता. त्याच्या मेंढ्या केरबाच्या रानात खतासाठी बसवलेल्या. तो पळताना लोकांनी पाहिला, आणि त्याची काठी परसात सापडली. झालं. सिद्धूला चावडीत डांबून ठेवलंय. उद्या सांजेला पंच बसतील आणि मग त्याला फौजदाराच्या हवाली करतील.

“सिद्धूनं न्हाई नेला मुखवटा,” राहीबाई म्हणाली.

“कुणी नेला?”

ती जमिनीकडं बघत राहिली.

“माहीत नाही, की सांगता येत नाही?”

“सांगितलं तर माजं घर मोडंल, सायेब. न्हाई सांगितलं तर त्या गरिबाचं मोडतंय. त्याची बायको बयाबाई रोज बांधावर बसून रडती. मला भाकरी ग्वाड लागंना. तुमी या आन् तुमचं तुमी हुडका. मला काय इचारू नगा.”

पदरात बांधून आणलेल्या शेंगा तिनं टेबलावर सोडल्या आणि ती निघून गेली.

“ही काय फी झाली?” बापू म्हणाला, आणि त्यानं एक शेंग फोडली. “वर काय, तर मला काही विचारू नका! अशानं तपास होतो होय?”

“सकाळची मोटार कितीला आहे बघ,” डुबल म्हणाले. दमेकऱ्यानं चैत्रात प्रवास करू नये, हे त्यांना डॉक्टरनं सांगितलं होतं. पण डॉक्टर काही ती बाई बघायला आला नव्हता.

सकाळची सर्व्हिस मोटार कोळशावर चालणारी निघाली. चढ आला की उतारूंनी उतरायचं, उतार आला की बसायचं. उंब्रजला पोचेपर्यंत बापूचं धोतर काळं झालं आणि डुबलांचा श्वास वर लागला. तिथून वाडीपर्यंत बैलगाडी. रानात ऊस तुटून गेलेला, नुसतं पाचट पसरलेलं. एका मोकळ्या रानात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभ्या होत्या आणि बांधावर एक बाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तीच बयाबाई असणार. डुबल तिच्याकडं बघत राहिले.

केरबा दारातच भेटला. पिकल्या मिशांचा, आणि चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. साताऱ्याहून तपासाला माणूस आला म्हटल्यावर त्यानं कुणी बोलावलं हेसुद्धा विचारलं नाही. माजघराच्या भिंतीतली देवाची रिकामी देवळी त्यानं दाखवली. दिवेलागणीला त्यानंच देवापुढं दिवा लावला. तेव्हा मुखवटा होता. मग तो अंगणात येऊन बसला. गोष्ट संपली, माणसं उठली, त्याची बायको बनुबाई भाकरी वाढायला आत गेली, तेव्हा देवळी मोकळी.

“आता पंच आमची पाळी काढून घेत्याल,” केरबा म्हणाला. “आमच्यात रीत हाय. मुखवटा घरातनं गेला, तर देवच त्या घरावर रुसला म्हनायचं. आन् मग ज्याच्या हाताला त्यो घावंल, त्याच्या घरी मान जातो. सात पिढ्यांत असं झालं न्हवतं.”

“त्या संध्याकाळी राहीबाईंनी कुठली गोष्ट वाचली?” डुबलांनी विचारलं.

केरबा जरा गोंधळला. बापूनं तर कपाळाला हातच लावला. चोरी कशाची, आणि हे विचारतात काय!

पण केरबानं सांगितली. घाटातल्या एका डाकबंगल्याची गोष्ट. मुसळधार पावसात एक साहेब मुक्कामाला येतो. म्हातारा चौकीदार त्याला शेकोटी करून देतो, भाकरी वाढतो. साहेब लढाईच्या, मुलखाच्या गप्पा मारतो, पण भाकरी काही कमी होत नाही. शेवटाला कळतं, की तो पाहुणा घाटातच दरड कोसळून मेलेला. त्याला स्वतःलाच ते ठाऊक नाही. चौकीदाराला ठाऊक आहे, पण तो सांगत नाही. नुसतं म्हणतो, ‘साहेब, भाकरी गार हुतीया, जेवा.’

“लय वंगाळ वाटलं ऐकून,” केरबा म्हणाला.

ते पुस्तक नवीनच होतं, असंही त्यानं सांगितलं. त्याच दिवशी चुलतभाऊ जोतीरामानं साताऱ्याहून आणून दिलं होतं. पहिलीच गोष्ट वाचा, घाटातल्या डाकबंगल्याची आहे, चौकीदार आणि पाहुण्याची, असं सगळ्यांदेखत सांगून दिलं होतं. जोतीराम एरवी असल्या बैठकीला फिरकत नसे. त्या दिवशी मात्र तोही येऊन मागं, जोत्याच्या टोकाला बसला. माणूस फार कामाचा, केरबा म्हणाला. एवढी धोंड कोसळली तर भावकीत तोच एकटा धावून आला. यात्रेच्या खर्चाला कडबा विकावा लागेल म्हटलं, तर उद्या सकाळी गाडी आणून सगळी गंजी उचलतो म्हणाला.

बनुबाई चुलीपुढं भेटली. बाई तोंडाची फटकळ, पण मनात काही नाही. एरवी त्या वेळी ती चुलीपुढून हलत नाही. नवीन पुस्तक, नवीन गोष्ट म्हणून त्या दिवशी तेवढी बाहेर येऊन बसली, आणि नेमकं तेव्हाच हे झालं. परसदार नुसतं लोटलेलं होतं. गोष्ट तिनंही सांगितली. पाहुणाच मेलेला, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही.

“कंदिलाला रॉकेल कुठून आणता?” डुबलांनी विचारलं.

“कंदील कशाला? देवापुढं जळतंय त्येच लय झालं. आमची राही बिनकंदिलाची वाचती. सूर्य बुडाला, समोरच्याचं त्वांड दिसंना झालं, तरी हिचं आपलं चालूच. अशी नजर आमच्या खानदानात कुनाची न्हाई. तिच्या बापानं सांगितलंच व्हतं, पोरगी चार बुकं शिकल्याली हाय म्हनून. नाथाजी भावजींची अटच व्हती, कागद वाचनारी बायकू पायजे.” तिनं भाकरी उलटली. “मला मेलीला दिवसाउजेडी बी अक्षर कळत न्हाई.”

जोतीरामाबद्दल विचारलं तर तिनं नाक मुरडलं. उंब्रजच्या रेशन दुकानावर कारकून आहे, लिहिणं-वाचणं येतं, म्हणून तोरा. दारात एक शेळीसुद्धा नाही. आणि त्यांच्या घराला मुखवट्याची पाळीच नाही. त्याच्या आज्यानं घरात सुतक असताना लपवलं आणि मुखवटा तसाच ठेवून घेतला. कळलं तेव्हा भावकीनं त्या घराची पाळी कायमची बंद केली.

नाथाजी पडवीत बसून दोरी वळत होता. काळा चष्मा, ताठ पाठ, पलटणीची सवय. त्यानंही तीच गोष्ट सांगितली. पण शेवटाला ‘भाकरी गार हुतीया’ म्हणून तो थांबला, आणि बराच वेळ दोरीचा पीळ चाचपत बसला.

“माजी राही लय झ्याक वाचती,” मग तो म्हणाला. “हुंकारा मीच देतो. हुंकारा न्हाई दिला तर सांगनाऱ्याला वाटतं, ऐकनारा निजला.”

याआधीचं पुस्तक कुठलं, असं डुबलांनी विचारलं. नाथाजीनं चाचपत ट्रंक उघडून ते काढून दिलं. भुतांच्याच गोष्टी. पाठीची शिवण सुटलेली, पानांचे कोपरे अंगठ्यानं काळे झालेले, मधल्या पानांवर चहाचे डाग.

“बर्मात संगंच व्हतं,” नाथाजी म्हणाला. “पावसात भिजलं, पर टाकलं न्हाई.”

डुबलांनी पुस्तक जरा वेळ हातात धरलं आणि परत दिलं.

जोतीराम स्वतःच भेटायला आला. इस्त्रीची टोपी, बोलणं शहरी वळणाचं. तपासाला सगळी मदत करीन म्हणाला. सिद्धूचाच हा उद्योग, त्यात शंका नाही. धनगर आज इथं, उद्या कर्नाटकात.

“तुम्ही शेवटपर्यंत अंगणातच होता?”

“सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वहिनींनी वाचलंही काय सुरेख! तो चौकीदार प्लेगात मेलेला निघतो ना शेवटी, तेव्हा अंगावर काटाच आला. सकाळी साहेब बघतो तर बंगल्याला टाळं, आणि मागं चौकीदाराची समाधी. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटल्या, तेव्हा मी वहिनींना बोलूनही दाखवलं.”

“ते नवीन पुस्तक बघायला मिळेल?”

मिळालं. डुबलांनी पायरीवर बसून पहिली गोष्ट वाचून काढली आणि पुस्तक बापूपुढं धरलं. बापूनंही वाचली, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

“डुबलसाहेब, यात तर चौकीदारच भूत आहे! पाहुणा जिवंत आहे! म्हणजे जोतीराम तेवढा खरं सांगतोय, आणि केरबा, बनुबाई, नाथाजी तिघंही संगनमतानं खोटं बोलतायत. घरच्यांनीच मुखवटा दडवलाय!”

“बापू,” डुबल म्हणाले, “तुझे वकील केस हरायचे का रे?”

बापूनं पुस्तक मिटलं. खरं म्हणजे हरायचेच.

चावडीत सिद्धू कोपऱ्यात घोंगडीत अंग चोरून बसला होता. ओठ सुजलेला. हळूहळू तो बोलला. मेंढ्या बसवल्या की मालकाच्या घरून भाकरी मिळते. ती न्यायला तो परसदारी आला. हाक मारली, पण ओ आली नाही. पुढून राहीबाईचा आवाज येत होता, मेलेल्या माणसाचं काहीतरी चाललेलं. तेवढ्यात कडब्याच्या गंजीपाशी काहीतरी काळं हललं.

“भूत व्हतं, आण्णा. वाकल्यालं. खांद्यापातूर हात गंजीत घातल्यालं. मुंडकं दिसंना. म्या काठी टाकली आन् पळालो. ह्यास्नी सांगितलं तर हासत्यात, आन् मारत्यात.”

“मी हसत नाही,” डुबल म्हणाले. त्यांना खरंच हसू आलं नव्हतं. उभ्या मुलखात भुताची गोष्ट ऐकताना चोर बघून भूत समजणारा हाच एक माणूस, आणि त्यानंच मार खायचा.

परतताना विहिरीवर राहीबाई घागर भरत होती. डुबलांनी बापूला लांब थांबवलं आणि ते एकटेच तिच्याशी दोन शब्द बोलले. बापूला ऐकू आलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की तिनं घागर खाली ठेवली आणि ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली.

“काय म्हणालात तिला?” बापूनं विचारलं.

“म्हटलं, तुमची गोष्ट मला कळली आहे, मी ती कुणाला सांगणार नाही. सांगावीच लागली तर तुम्ही सांगा, नाही तर राहू द्या.”

“कसली गोष्ट?”

डुबलांना खोकल्याची उबळ आली, आणि ती बराच वेळ थांबली नाही.

सांजेला पंच केरबाच्या अंगणात जमले. डुबलांनीच तसं सांगितलं होतं. सिद्धूला आणून मध्ये बसवलं. बयाबाई रानातून आली आणि कुडाबाहेर उभी राहिली. तिला कुणी आत ये म्हटलं नाही. नाथाजी रोजच्या जागी पडवीच्या खांबाला टेकून, आणि त्याच्या पलीकडं राहीबाई. जोतीराम पंचांच्या बाजूला.

डुबलांनी केरबाला सांगितलं, “माणसं लावा आणि परसातली कडब्याची गंजी उतरवा.”

जोतीराम म्हणाला, “आता? उद्या सकाळी मी गाडी घेऊन येणारच आहे की.”

“म्हणूनच आज,” डुबल म्हणाले.

निम्मी गंजी उतरली असेल-नसेल. पेंढ्यांच्या आत खोलवर, फडक्यात गुंडाळलेला मुखवटा निघाला. केरबानं तो छातीशी धरला आणि तो म्हातारा माणूस सगळ्यांदेखत रडला.

पण त्यानं काय होणार? जोतीराम शांतपणे म्हणाला, की बघा, सिद्धूनंच दडवला, रानात जाताना उचलून न्यायचा बेत असेल. पंचांनी माना हलवल्या.

“सिद्धूनं गंजीशी कुणाला तरी वाकलेलं पाहिलं,” डुबल म्हणाले. “तो भूत समजला. तो माणूस अंगणातून उठून गेलेला होता. सगळ्यांची तोंडं राहीबाईंकडं, मागं अंधार पडत चाललेला. मागून एकजण उठला आणि गोष्ट संपल्यावर माणसं उठत होती तेव्हा परत येऊन मिसळला. त्यानं गोष्ट ऐकलीच नाही. म्हणून मी सगळ्यांना गोष्ट विचारली. तिघांनी सांगितलं, पाहुणा मेलेला होता. एकानं सांगितलं, चौकीदार मेलेला होता.”

जोतीराम हसला. अगदी मोकळं हसला.

“तपासनीससाहेब, पुस्तक आणा. वाचूनच दाखवतो, म्हणजे कोण खोटं ते पंचांना कळेल.”

पुस्तक आणलं. त्यानं शेवटचं पान काढलं आणि पंचांनी आणलेल्या कंदिलाजवळ धरून मोठ्यानं वाचलं, “‘तो वृद्ध चौकीदार प्लेगाच्या साथीतच निवर्तला होता. ज्या हातांनी काल रात्री आपल्याला भाकरी वाढली, ते हात या समाधीखाली आहेत हे कळताच साहेबाची शुद्ध हरपली.’ झालं? मी सांगितलं तेच आहे. छापलेलं आहे. वहिनींनी हेच वाचलं, आणि मी हेच ऐकलं. या तिघांनी काय ऐकलं ते त्यांनाच विचारा.”

बनुबाई केरबाकडं बघायला लागली आणि केरबा पंचांकडं. पंचांतला एकजण म्हणाला, की छापलेलं कसं खोटं असेल? बापूनं घाम पुसला. त्याला वाटलं, आपलंच बरोबर निघालं की काय.

डुबलांनी राहीबाईकडं बघितलंही नाही. ते कुडाबाहेर उभ्या असलेल्या बयाबाईकडं बघत होते, आणि मग राहीबाईनंही तिकडं बघितलं.

ती उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“पुस्तकात तसंच आसंल,” ती म्हणाली. “मी त्ये वाचलंच न्हाई. मला वाचाया येत न्हाई.”

कुणाला काही कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी नवऱ्याकडं तोंड करून, जणू अंगणात दुसरं कुणी नव्हतंच.

“माज्या बानं खोटं सांगितलं तुमास्नी. मी शाळंची पायरी बी चढले न्हाई. पलटनीतनं आल्याली तुमची कागदं मास्तराकडनं वाचून घ्यायची. तुमी परत आलासा, डोळं असं झाल्यालं, आन् म्हनलासा, ट्रंकंत पुस्तक हाय, वाचून दाव. माज्यानं न्हाई म्हनवंना. आई जात्यावर सांगायची त्या गोष्टी सांगितल्या. मग सुचंल ती सांगितली. पानं नुसती उलटत व्हते. ह्या पुस्तकातलं बी एक अक्षर मला ठावं न्हाई. पाहुना मेल्याला ही गोष्ट माजी हाय. जोतीराम भावजी विहिरीवर मला म्हनले, चौकीदार मेला तवा काटा आला. तवाच मला कळलं, ह्ये हितं न्हवतेच.”

आणि ती खाली बसली.

मग डुबल बोलले. आवाज नेहमीसारखाच, दमलेला.

“साताऱ्यात माझ्या पाटीखाली उभं राहून या बाईंनी तीन माणसांना माझं घर विचारलं. माझ्या बापूला वाटलं, खेड्यातली माणसं वर बघत नाहीत. वर बघून काय करणार, अक्षर ओळखता आलं पाहिजे. इथं आलो, तर बनुबाई म्हणाल्या, राही अंधारातसुद्धा वाचते. अंधारात कुणी वाचत नाही, अंधारात सांगता येतं. मग पुस्तक बघितलं आणि खात्री झाली. ज्या तिघांची गोष्ट पुस्तकाशी जुळत नाही, ते तिघं खरोखर इथं बसून ऐकत होते. ज्याची जुळते, त्यानं ती छापील वाचलेली होती. जोतीराम, पुस्तक तुम्हीच आणलंत, बहुधा मोटारीत वाचून काढलंत, आणि हीच गोष्ट वाचा असं सांगून दिलंत. बनुबाईसुद्धा चुलीपासून उठून बाहेर याव्यात म्हणून. बेत चांगला होता. वाचायला बसलेली बाई दुसरंच काही सांगेल, हे लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या मनात येणार कसं?”

जोतीरामाच्या हातात पुस्तक तसंच उघडं होतं.

“दारात शेळी नाही, आणि गंजीभर कडबा कशाला हवा होता?” डुबल म्हणाले. “चार दिवस गावाची नजर या घरावर होती, म्हणून कडब्यासकटच न्यायचा. आणि मग एके दिवशी तुमच्या हाताला देव सापडायचा. देव ज्याला सापडेल त्याच्या घरी मान. चांदीचं तुम्हाला काही नव्हतं.”

जोतीरामानं टोपी काढली. शहरी बोली कुठल्या कुठं गेली.

“आज्यानं सुतक लपीवलं,” तो म्हणाला. “आजा मेला, बा मेला. दर यात्रंला पालखी आमच्या दारावरनं तोंड फिरवून जाती. माजी पोरं इचारत्यात, आपल्या घरी देव का येत न्हाई? एक सुतक किती पिढ्या पाळायचं, सांगा की पंच!”

फौजदाराला बोलवायचं कुणीतरी काढलं, पण केरबानं मान हलवली. सिद्धूच्या पाया पड आणि जा, एवढंच तो म्हणाला. जोतीराम सिद्धूपुढं वाकला. सिद्धू घाबरून मागं सरकला. असल्या गोष्टीची त्याला सवय नव्हती. मग तो उठला, कुडाबाहेर गेला आणि बयाबाईला घेऊन रानाकडं चालू लागला.

माणसं पांगली. राहीबाई मात्र तिथंच बसून होती. आता आपल्याला माहेरी धाडतील, हे ती धरूनच चालली होती. बनुबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

नाथाजीनं हात पुढं करून बायकोचा खांदा शोधला.

“ट्रंकंतलं पुस्तक माजं हाय, राही,” तो म्हणाला. “डोळं व्हतं तवा वाचून वाचून पाठ केल्यालं. खंदकात दुसरं व्हतंच काय? पहिल्या सांजंला तू पुस्तक उघाडलंस आन् दुसरंच सांगाया लागलीस, तवाच मला कळलं.”

राहीबाईनं विचारलं, “मग बोललासा का न्हाई?”

“तू थांबली असतीस.”

अंगणात अंधार उतरला होता. केरबानं आत जाऊन देवळीत मुखवटा ठेवला आणि दिवा लावला. त्याचा थोडा उजेड दारातून पडवीपर्यंत आला.

“त्यो पाहुना मीच ना?” नाथाजी म्हणाला. “लढाईतनं आल्याला. मेल्याला, पर त्याला ठावं न्हाई.”

“न्हाई ओ,” राहीबाई रडत म्हणाली. “पाहुना मेल्याला आसू दे. चौकीदाराला त्यो पायजेच हाय. म्हनून तर भाकरी वाढतो.”

शेवटची मोटार केव्हाच गेली होती. डुबल आणि बापू जोत्याच्या टोकाला, जिथं जोतीराम बसला होता तिथंच, पाठ टेकून बसले. डुबलांचा श्वास वाजत होता. बापू त्यांना हातपंख्यानं वारा घालत बसला.

बनुबाईनं ते नवीन पुस्तक उचलून राहीबाईच्या मांडीवर ठेवायला आणलं. राहीबाईनं ते बाजूला सारलं. मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिनं नवऱ्यानं वळलेल्या दोरीचं टोक हातात घेतलं.

“कुठली सांगू?” तिनं विचारलं.

“त्याच बंगल्याची,” नाथाजी म्हणाला. “सकाळी काय झालं त्ये तू सांगितलंच न्हाईस.”

“सकाळ झाली,” राहीबाई म्हणाली. “पाऊस थांबला. चौकीदारानं दार उघाडलं.”

“हुं,” नाथाजी म्हणाला.